हिरवळ आणि शेवाळ

लढाया, तहनामे आणि वंशावळी यांनाच इतिहास म्हणण्याची जी खोड आम्हांस शाळेपासून लागलेली असते, तिचा एक परिणाम असा होतो कीं, पायांखालच्या वस्तूंनाही इतिहास असतो हें आमच्या ध्यानांतच येत नाहीं. ज्या गवतावर बसून आम्ही साम्राज्यांच्या उदयास्ताची चर्चा करतों, तें गवत तेथें कोणीं आणलें, कशासाठीं आणलें, आणि त्याची राखण कोणाच्या श्रमांवर चालली, असें कोणी विचारलें तर आमच्यापैकीं बहुतेकांस निरुत्तर व्हावें लागेल. मग त्या गवतांत शिरून त्याची जागा बळकावणाऱ्या शेवाळाची गोष्ट तर बोलावयासच नको. तथापि या क्षुद्र वनस्पतीशीं मनुष्यानें मांडलेला दावा हा चांगला दीर्घ आणि बोधप्रद आहे. आणि त्या दाव्यांत वादी कोण व प्रतिवादी कोण हें देशपरत्वें बदलत गेलें आहे, हें तर विशेषच मनोरंजक आहे.

या विषयाकडे आमचें लक्ष कसें वळलें तें प्रारंभींच सांगणें बरें. ज्या कॉलेजांत आमचें आयुष्य गेलें, तेथील बागेची देखरेख अकरा वर्षें आमच्याकडे होती. इमारतीच्या चौकांत एक हिरवळ आहे आणि तिच्या एका कोपऱ्यांत दोन जुन्या चिंचा आहेत. दर पावसाळ्यांत त्या चिंचांखालीं हरळी नाहींशी व्हावी, शेवाळाचा मऊ थर पसरावा, आम्हीं तो खरवडवून काढवावा, वर हिराकस शिंपडवावा, आणि पुढील श्रावणांत तें शेवाळ पूर्वीपेक्षां हातभर अधिक पसरलेलें पाहावें, असा क्रम चालला होता. एका वर्षीं आम्हीं वृद्ध माळ्यास जरा कठोर शब्दांत जाब विचारला. तो खुरपें खालीं ठेवून शांतपणें म्हणाला, "साहेब, सावली चिंचांची, पाणी पन्हळीचं, पाय पोरांचे, मग शेवाळ तेवढं माझं कसं?" आम्ही निमूटपणें वर्गावर गेलों. परंतु त्या प्रश्नाचें उत्तर शोधण्यासाठीं पुढें जें वाचन केलें, त्याचा सारांश वाचकांपुढें ठेवीत आहों.

प्रथम शब्दाविषयीं दोन शब्द. आमच्या भाषेंत 'शेवाळ' हा शब्द फार सैल वापरला जातो. तळ्यांतील हिरवा तवंग, विहिरीच्या पायऱ्यांवरचा बुळबुळीत थर आणि भिंतीवर उगवणारी मखमली झालर, या सर्वांस आम्ही एकच नांव देतों. संस्कृत काव्यांतील शैवल हें बहुधा पाण्यांतलें असतें आणि कमळाच्या संगतीनें येतें. शास्त्रज्ञ या निरनिराळ्या वनस्पतींची गफलत होऊं देत नाहींत. हिरवळींत शिरणाऱ्या शेवाळास ते 'हरिता' असें गोड नांव देतात. तिच्या सुमारें १२,००० जाति पृथ्वीवर आहेत. तिला फूल नाहीं, बीज नाहीं, आणि खरें मूळही नाहीं. केसांसारख्या तंतूंनीं ती जमिनीला नुसती बिलगून असते. पाणी ती मुळांनीं शोषीत नाहीं, सर्वांगानें पिते. बहुतेक जातींचीं पानें एकाच पेशीच्या जाडीचीं असतात. उन्हांत ती वाळून कोळ होते आणि पहिल्या सरीबरोबर पुनः हिरवी होते. दंताळ्यानें तिचे तुकडे केले तर त्या तुकड्यांतूनही नवीं रोपें होऊं शकतात. असा शत्रु ज्यास लाभला, त्या माळ्याची कींव करावी तेवढी थोडीच.

आतां हिरवळीकडे वळूं. युरोपांत बागेंतील हिरवळ मुद्दाम तयार करण्याची रीत निदान तेराव्या शतकाइतकी जुनी आहे. आल्बर्टस मॅग्नस या जर्मन धर्मपंडितानें वनस्पतींविषयींच्या आपल्या ग्रंथांत तिची कृति दिली आहे. जागेंतील तण आणि मुळें खणून काढावीं, उरलेलीं बीजें मरावींत म्हणून वर उकळतें पाणी ओतावें, मग रानांतून गवतासकट कापून आणलेले मातीचे थर अंथरावे आणि लांकडी मोगऱ्यांनीं ते ठोकून बसवावे, अशी ती कृति आहे. चौदाव्या शतकाच्या आरंभीं इटलींतील पिएत्रो दे क्रेशेन्झी यानें हीच कृति आपल्या शेतीविषयक ग्रंथांत उतरून घेतली. म्हणजे हिरवळीचा जन्मच मुळीं तणांच्या संहारानें झाला. जें आम्हांस निसर्गाचें सौम्य रूप वाटतें, त्याच्या पायाशीं उकळत्या पाण्याचे हंडे आहेत, ही गोष्ट विसरतां कामा नये.

इंग्लंडांत हिरवळीस जो मान मिळाला, तो इतर कोणत्याही देशांत मिळाला नाहीं. याचें पहिलें कारण हवा. तेथें उन्हाळा सौम्य, पाऊस वर्षभर थोडाथोडा, आणि आकाश बहुधा मेघाच्छन्न. अशा हवेंत गवत पोसतें. बेकनचे निबंध आम्ही विद्यार्थ्यांस कित्येक वर्षें शिकवीत आलों. त्यांपैकीं १६२५ च्या आवृत्तींतील बागांवरील निबंधांत त्या व्यवहारी तत्त्ववेत्त्यानें तीस एकरांच्या राजेशाही बागेची आंखणी केली असून त्यांतील चार एकर निव्वळ हिरवळीस दिले आहेत. दुसरें कारण समाजाची रचना. आठव्या हेन्रीच्या कारकीर्दींत १५४१ सालीं झालेल्या कायद्यानें कारागीर, नोकरचाकर इत्यादि सामान्य लोकांस नाताळाखेरीज इतर दिवशीं गवतावर चेंडू घरंगळविण्याचा 'बोल्स' हा खेळ खेळण्याची मनाई होती. मात्र वर्षाला शंभर पौंडांची जमीन बाळगणारास आपल्या खासगी हिरवळीवर तो खेळण्याचा परवाना मिळे. सारांश, सपाट कापलेलें गवत ही त्या काळापासूनच प्रतिष्ठेची खूण होती.

पुढें फ्रान्समध्यें आंद्रे ल नोत्र यानें व्हर्सायच्या बागेंत गवताचा लांबच लांब पट्टा आंखून त्यास हिरव्या गालिच्याचें रूप दिलें. अठराव्या शतकांत इंग्लंडांत लान्सलॉट ब्राउन (१७१६–१७८३) यानें त्याच्या उलट वाट धरली. त्यानें वाफे आणि भूमितीच्या आकृत्या मोडून टाकल्या आणि सरदारांच्या वाड्यांच्या खिडक्यांपर्यंत गवताची लाट आणून सोडली. दूरवर मेंढ्या चराव्यात, पण त्या दाराशीं येऊं नयेत आणि मधलें कुंपणही दिसूं नये, म्हणून खोल चर खणून ठेवण्याची युक्ति त्या काळीं रूढ झाली. मेंढ्या जेथें नव्हत्या, तेथें माणसें होतीं. लांब दांड्याचे विळे घेऊन पुरुष पहाटे दंव असतांनाच गवत कापीत, कारण ओलें पातें विळ्याखालीं चांगलें कापलें जातें. आणि मागून बायका कापलेलें गवत झाडून नेत व तण निंदून काढीत. धन्यास उठल्यावर जें दृश्य दिसे त्यांत या कष्टांचा मागमूसही नसे. श्रम जितका अधिक, तितकी त्याची निशाणी कमी, हेंच त्या शोभेचें मर्म होतें.

या व्यवस्थेस धक्का दिला तो एका गिरणीच्या यंत्रज्ञानें. ग्लॉस्टरशरमध्यें स्ट्राउड गांवाच्या आसपास लोकरी कापडाच्या गिरण्या होत्या. विणलेल्या कापडावरील लव सारखी कापण्यासाठीं तेथें फिरत्या पात्यांचें यंत्र वापरीत. तें पाहून एडविन बडिंग यास असें सुचलें कीं, कापडावरची लव आणि जमिनीवरचें गवत यांत तत्त्वतः भेद काय? १८३० सालीं त्यानें गवत कापण्याच्या यंत्राचें पेटंट घेतलें. त्याचें तें पहिलें यंत्र १९ इंच रुंदीचें होतें. १८३२ सालीं इप्सविच येथील रॅन्सम यांच्या कारखान्यानें तीं यंत्रें करण्याचा परवाना मिळविला. १८४२ पर्यंत स्कॉटलंडांतील अलेक्झांडर शँक्स यानें तट्टूनें ओढावयाचें मोठें यंत्रही काढलें. यंत्र कोरड्या गवतावर चाले. त्यामुळें पहाटेचें दंव आणि कुशल विळेवाले या दोहोंचीही गरज सरली. १८७४ सालीं मेजर विंगफील्ड यानें लॉन टेनिसचें पेटंट घेतलें, १८७७ सालीं विंबल्डनची पहिली स्पर्धा झाली, आणि सरदारांची हिरवळ हां हां म्हणतां मध्यमवर्गाच्या परसांत आली. पहिल्या आणि दुसऱ्या महायुद्धांच्या दरम्यान ब्रिटनमध्यें सुमारें चाळीस लाख नवीं घरें बांधलीं गेलीं; त्यांतील पुष्कळांच्या पुढेंमागें गवताचा एक तुकडा होता.

आणि येथेंच शेवाळाचा प्रश्न घरोघरचा झाला. ब्राउनची हिरवळ विस्तीर्ण, उघडी आणि उन्हांतली होती. नव्या घरापुढील हिरवळ म्हणजे भिंतीच्या आणि कुंपणाच्या सावलींतला लहानसा चौकोन. तेथील माती बांधकामाच्या वेळीं तुडविली जाऊन घट्ट झालेली. वर मुलांचे आणि पाहुण्यांचे पाय. शिवाय यंत्रामुळें गवत अगदीं बारीक कापण्याचा मोह. ज्याप्रमाणें बिलियर्डच्या टेबलावरील बनात, त्याप्रमाणें हिरवळ दिसली पाहिजे, असा हट्ट धरला कीं गवताचें पान उरत नाहीं. पान उरलें नाहीं म्हणजे मूळ पोसत नाहीं. आणि शेवाळ तर पात्याच्याही खालीं असल्यामुळें तें सुखरूप राहतें. डार्विननें १८५९ च्या आपल्या सुप्रसिद्ध ग्रंथांत एक लहानसा प्रयोग नमूद केला आहे. तीन फूट रुंद व चार फूट लांब अशा कापलेल्या गवताच्या तुकड्यांत वनस्पतींच्या वीस जाति नांदत होत्या; कापणें थांबवून सर्वांस मोकळें वाढूं दिल्यावर त्यांतील नऊ जाति नष्ट झाल्या. याचा अर्थ असा कीं, पातें हें दुर्बळांचें रक्षण करतें. मग ज्या दुर्बळास आम्ही आमच्याच पात्यानें राखलें, त्याच्यावर रागावण्याचा आम्हांस अधिकार काय?

परंतु रागावण्यास अधिकार लागत नाहीं. शेवाळाच्या नाशार्थ उपायांची मालिकाच सुरू झाली. सर्वांत जुना उपाय लोखंडी दंताळ्यानें खरवडण्याचा. त्यानें जागा स्वच्छ दिसते, पण तुटलेले तुकडे मागें राहतात. दुसरा उपाय चुन्याचा. जमीन आंबट असली म्हणजे शेवाळ माजतें, म्हणून चुना टाकावा, असा पुष्कळांचा समज. परंतु चुन्याची माती आवडणाऱ्याही कित्येक हरिता असल्यामुळें निव्वळ चुन्यानें काम भागत नाहीं. तिसरा, आणि आजही चालू असलेला उपाय हिराकसाचा. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत वाळू, अमोनियम सल्फेट आणि हिराकस यांचें मिश्रण 'लॉन सँड' या नांवानें सरसकट वापरलें जाई. त्याचें कार्य समजण्यास सोपें आहे. हरितेच्या एकेरी पेशीच्या पानांवर मेणचट कवच जवळजवळ नसतेंच. त्यामुळें लोहाचा क्षार थेट आंत शिरतो आणि ती थोड्याच दिवसांत काळी पडते. गवताच्या पानास कवच असतें आणि मूळ खोल असतें, म्हणून तें वांचतें. इतकेंच नव्हे, तर नत्र मिळाल्यामुळें अधिक गर्द दिसूं लागतें. चौथा उपाय पाऱ्याच्या क्षाराचा. वैद्यकांत 'कॅलोमेल' म्हणून जें ओळखलें जातें तेंच. तो परिणामकारक खरा, परंतु पाऱ्याचें विष मातींत आणि पाण्यांत सांठत राहतें, हें लक्षांत आल्यावर युरोपांत त्याचा बागेंतील वापर बंद झाला. गवतांत बसण्याच्या सुखासाठीं मनुष्यानें आपल्याच परसांत पारा पेरावा, यापेक्षां या दाव्याचा विकोप आणखी कोणता असणार?

या सर्व उपायांत एक समान दोष होता. ते शेवाळ मारीत. तें कां आलें हें विचारीत नसत. १९२९ सालीं यॉर्कशरमधील बिंगले येथें गोल्फच्या मैदानांवरील गवताचा शास्त्रीय अभ्यास करणारें एक केंद्र स्थापन झालें. तेथें आणि अन्यत्र झालेल्या अभ्यासानें जें ज्ञान आज सर्वमान्य झालें आहे, तें थोडक्यांत असें: शेवाळ गवताला मारीत नाहीं, गवत जेथें आधींच क्षीण झालेलें असतें, ती मोकळी जागा तें भरून काढतें. गवत क्षीण होण्याचीं कारणें सावली, न निचरणारें पाणी, तुडवून घट्ट झालेली माती, निःसत्त्व वा फार आंबट जमीन, आणि अति बारीक कापणी हीं होत. इंग्लंडच्या हिंवाळ्यांत सुमारें पांच-सहा अंश सेंटिग्रेडच्या खालीं गवताची वाढ थांबते, पण ओलाव्यांत हरिता वाढतच राहते. म्हणून वसंत ऋतु येतो तेव्हां लढाई अर्धी हरलेली असते. यावर उपाय म्हणजे फांद्या छाटून ऊन आंत घेणें, काट्यांनीं जमीन भोसकून वारा व पाणी खालीं जाऊं देणें, खत घालणें, आणि यंत्राचें पातें वर उचलणें. हिराकस टाकावयाचा तो यांच्या जोडीनें, यांच्या ऐवजीं नव्हे. वाचकांच्या लक्षांत आलेंच असेल कीं, सावली, पाणी आणि पाय हीं तीन कारणें आमच्या माळ्यानें एका श्वासांत सांगितलीं होतीं.

इतिहासाची थट्टा अशी कीं, ज्या राष्ट्रानें शेवाळाचा इतका द्वेष केला, त्यालाच संकटकाळीं त्याचे पाय धरावे लागले. पहिल्या महायुद्धांत जखमा बांधण्यास कापूस पुरेना, तेव्हां एडिंबरोचे वनस्पतिशास्त्रज्ञ बेली बाल्फोर आणि शस्त्रवैद्य कॅथकार्ट यांच्या पुढाकारानें दलदलींतील 'स्फॅग्नम' नांवाची हरिता गोळा करून तिच्या पट्ट्या केल्या गेल्या. ही हरिता आपल्या वजनाच्या सुमारें वीस पट द्रव शोषून घेते. दुसऱ्या महायुद्धांत तर हिरवळीचेंच सिंहासन डळमळलें. भाजीपाल्यासाठीं लोकांनीं गवताचे तुकडे खणले. लंडनच्या टॉवरचा खंदकही भाजीच्या वाफ्यांनीं भरला. विंबल्डनच्या आवारांत डुकरें आणि कोंबड्या पाळल्या गेल्या. पुढें डिसेंबर १९५२ च्या विषारी धुक्यानें लंडनवासीयांचे बळी घेतले आणि १९५६ सालीं हवा स्वच्छ ठेवण्याचा कायदा झाला. गंधकाच्या धुरानें शहरांतून हद्दपार झालेल्या कित्येक हरिता त्यानंतर हळूहळू झाडांच्या सालींवर परत आल्या. ज्या शेवाळाचें आगमन बागवानास अपयश वाटत होतें, त्याचेंच पुनरागमन शास्त्रज्ञांस शुभवर्तमान वाटलें.

आतां पृथ्वीच्या दुसऱ्या टोकास जाऊं. जपानांतील क्योतो शहरीं साइहो-जी नांवाचें एक बौद्ध मंदिर आहे. १३३९ सालीं मुसो सोसेकी या झेन आचार्यानें त्याचा जीर्णोद्धार करून बाग रचली. ती रचतांना त्याच्या मनांत शेवाळाची योजना नव्हती, असें अभ्यासक मानतात. पुढें मंदिराची विपन्नावस्था झाली, बागेची निगा राखण्यास द्रव्य उरलें नाहीं, आणि त्या ओलसर, सावलीच्या जागेंत हरितेनें आपलें राज्य पसरलें. ज्या घटनेस इंग्रज बागवान नाश म्हणाला असता, तिला क्योतोच्या भिक्षूंनीं प्रसाद मानलें. आज तेथें हरितेच्या सुमारें १२० जाति आहेत, आणि लोक त्या मंदिरास 'कोकेदेरा' म्हणजे शेवाळाचें मंदिर या नांवानेंच ओळखतात. पाहुण्यांच्या गर्दीनें अपाय होऊं लागल्यामुळें १९७७ पासून अगोदर अर्ज केल्यावांचून प्रवेश मिळत नाहीं. १९९४ सालीं त्या स्थळाची गणना जागतिक वारशांत झाली. जपानी शेवाळ-बागांतील माळी हलक्या केरसुणीनें गळलीं पानें झाडतात आणि शेवाळांत उगवलेलें गवत बोटांनीं उपटून काढतात. वाचकहो, गवत उपटून काढतात! तीच निंदणी, तेच वांकलेले पाठीचे कणे. फक्त तण कोण आणि धन कोण, एवढाच फरक.

जपानच्या राष्ट्रगीतांतही शेवाळाचा उल्लेख दीर्घायुष्याची खूण म्हणून येतो. पण यांत पौर्वात्य मन आणि पाश्चात्त्य मन असा सोपा भेद कल्पिण्याची घाई करूं नये. घरंगळणाऱ्या दगडास शेवाळ लागत नाहीं, या अर्थाची म्हण युरोपांत फार जुनी असून इरॅस्मसनेंही ती आपल्या संग्रहांत घेतली होती. तिच्या मूळ अर्थांत शेवाळ ही एका जागीं टिकून राहणाऱ्यास लाभणारी संपत्ति होती. भटक्याला ती मिळत नाहीं, असा उपदेश होता. फिरस्तेपणा हाच गुण ठरला, तेव्हां त्याच म्हणींत शेवाळ हें गंजाचें प्रतीक झालें. शब्द तेच, वनस्पति तीच. बदललें तें मनुष्याचें मन.

यावरून कोणी असा निष्कर्ष काढील कीं, तण ही केवळ कल्पना आहे, तेव्हां जें येईल तें येऊं द्यावें. हें आम्हांस मान्य नाहीं. टेनिसच्या मैदानावर गवतच हवें. पायरीवरच्या शेवाळानें एखाद्या वृद्धाचें हाड मोडलें तर त्यास सौंदर्यशास्त्र सांगून उपयोग नाहीं. मनुष्यानें निवड करावी. पण ती निवड आहे हें ओळखून करावी, आणि तिची किंमत कोण भरतो तेंही पाहावें. व्हर्सायचा गालिचा असो कीं क्योतोची मखमल असो, दोन्हींच्या मागें कोणाचा तरी वांकलेला पाठकणा आहे. आपल्या व्यवस्थेनें उत्पन्न केलेला दोष हाताखालच्या माणसाच्या माथीं मारणें, ही खोड मात्र सर्व देशांत आणि सर्व काळीं सारखीच आढळते. तिचें निर्मूलन हिराकसानें होत नाहीं.

आमच्या चौकाचें काय झालें, एवढें सांगून लेखणी ठेवतों. पन्हळीचें तोंड पलीकडील गटाराकडे वळविलें. मुलें वाचनालयाकडे जेथून हटकून जात, तेथें फरशा बसवून वाटच करून दिली. उन्हांतली हरळी दोन पावसाळ्यांत दाट झाली. चिंचा तोडण्याचा प्रश्नच नव्हता. म्हणून त्यांच्या बुंध्याशीं खाटेएवढा शेवाळाचा तुकडा अजून आहे, आणि तो खरवडूं नये असें आम्हींच सांगून ठेवलें. पन्हळ वळविण्यास एका गवंड्याचा एक दिवस लागला. अकरा वर्षें आम्हीं हिराकसाच्या पिशव्यांवर सह्या केल्या होत्या. त्या माळ्यास आम्हीं एकदां तसें बोलून दाखविलें, तेव्हां तो नुसता हंसला आणि म्हणाला, "साहेब, तुम्ही विचारलंत शेवाळाबद्दल. पन्हळीबद्दल कुठं विचारलंत?"